घड्याळातला ऑक्सिजन आणि खोक्यावरची बारीक अक्षरं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी फार्मासिस्ट आहे, सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं मेडिकल आहे. सध्या आमच्याकडे जवळपास रोज एक तरी माणूस मनगट पुढे करून विचारतो की ताई हे घड्याळ ऑक्सिजन एवढा दाखवतंय, बरोबर आहे का. मुलं पुण्या-मुंबईला, काहींची दुबईला नाहीतर अमेरिकेत, ती दिवाळीला येताना आईवडलांना स्मार्टवॉच आणतात, त्यामागे माया असते आणि काळजीही असते, मला ते मनापासून आवडतं. पण त्या खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं की रक्तातला ऑक्सिजन मोजतं, आणि हे वैद्यकीय उपयोगासाठी नाही हे वाक्य आतल्या पुस्तिकेत कुठेतरी मुंगीएवढ्या इंग्रजीत असतं. माझं सगळं म्हणणं या दोन अक्षरांच्या आकाराबद्दल आहे. जी मशीन घरात आजारी माणसाच्या अंगाला लावली जाणार आहे तिच्यावर ती कशासाठी चालते आणि कशासाठी चालत नाही हे मराठीत, समोरच्या बाजूला, मोठ्या अक्षरात लिहिलेलं पाहिजे.

कोरोनाच्या आधी ऑक्सिमीटर हा शब्दच आमच्या गिऱ्हाइकांना माहीत नव्हता, ऑपरेशन थिएटरमधली वस्तू होती ती. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली आणि आशाताई आणि त्यांच्या टीम दारोदार फिरल्या, एका हातात ताप बघायची गन आणि दुसऱ्या हातात बोटाला लावायचा चिमटा, म्हणजेच ऑक्सिमीटर. मग २०२१ चा एप्रिल-मे आला. त्या दिवसांत आरोग्य विभागाने सहा मिनिटं चालून पुन्हा ऑक्सिजन बघायची टेस्ट सांगितली होती, ती लोकांनी घरातल्या घरात, गच्चीवर, बोळात चालून केली आणि त्यातून कितीतरी जण वेळेत दवाखान्यात पोचले, कारण त्या आजारात दम लागायच्या आधीच ऑक्सिजन खाली गेलेला असायचा आणि माणूस आपला नीट गप्पा मारत बसलेला असायचा. चिमटे मिळेनासे झाले, मिळाले तर दुप्पट तिप्पट भावाने. जुलै २०२१ मध्ये केंद्राच्या एनपीपीएने, म्हणजे औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने, ऑक्सिमीटर, बीपी मशीन, नेब्युलायझर, थर्मामीटर, ग्लुकोमीटर या पाच वस्तूंवरचं मार्जिन ७० टक्क्यांवर बांधलं तेव्हा भाव खाली आले. म्हणजे किमतीसाठी सरकारने पाऊल उचललं, ते चांगलंच झालं, पण वापर कसा करायचा हे शिकवायचं काम तिथेच राहिलं. आज घरोघरी ते चिमटे ड्रॉवरमध्ये पडून आहेत, काहींतल्या बॅटऱ्या वितळून हिरवं पाणी झालंय, आणि त्यांची जागा आता मनगटावरच्या घड्याळाने घेतली आहे असं लोकांना वाटतं. तशी ती घेतलेली नाही.

हे का म्हणते ते समजायला मशीन चालतं कसं ते थोडं बघायला लागेल. अंधारात बॅटरीचा झोत बोटाखाली धरला की बोट लालबुंद दिसतं, तोच प्रकार. चिमट्याच्या एका बाजूला दोन दिवे असतात, एक लाल आणि एक इन्फ्रारेड जो डोळ्याला दिसत नाही, आणि दुसऱ्या बाजूला तो उजेड टिपणारा सेन्सर. ऑक्सिजन भरलेलं रक्त लाल उजेड जास्त जाऊ देतं आणि इन्फ्रारेड जास्त शोषतं, ऑक्सिजन नसलेलं रक्त बरोबर याच्या उलट. पण बोटात रक्ताशिवाय हाड, मांस, कातडी, नख सगळंच उजेड खातं, मग त्यातलं फक्त धमनीतलं रक्त वेगळं कसं काढायचं? जपानमधल्या ताकुओ आओयागी नावाच्या इंजिनिअरने १९७४ साली याचं उत्तर दिलं, की नाडीच्या प्रत्येक ठोक्याला जेवढा उजेड कमी जास्त होतो तेवढाच धरायचा, कारण ठोक्याबरोबर हलतं ते फक्त धमनीतलं रक्त, बाकी सगळं जागच्या जागी असतं. किती सुंदर विचार आहे हा! आणि म्हणूनच या मशीनला नाडी नीट सापडली नाही तर ऑक्सिजनचा आकडाही खरा नसतो. हे एवढं एक कळलं तरी निम्म्या घरातले घोळ कमी होतील. पल्सचा आकडा नाचत असेल, उड्या मारत असेल, तर ऑक्सिजनच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, हात स्थिर करून पुन्हा बघायचं.

आता बोटात उजेड एका बाजूने घुसून दुसऱ्या बाजूला आरपार निघतो. मनगटातून तो आरपार जाऊच शकत नाही, मधे दोन हाडं आहेत. म्हणून घड्याळ उजेड कातडीवर टाकतं आणि जो परत उलटून येतो तो मोजतं. हा परत येणारा उजेड कमी असतो, त्यात मनगटावर बोटाच्या टोकाएवढ्या बारीक रक्तवाहिन्यांची दाटी नसते, पट्टा सैल असेल तर बाहेरचा उजेड आत शिरतो, हात हलला की गेलं. गावाकडच्या बायकांच्या हातावर गोंदण असतं, ती शाई उजेड अडवते. काही कंपन्या हे टॅटूचं स्वतःच सांगतात, पण टॅटू म्हटलं की आमच्या सत्तरीच्या आजीला ते आपल्याबद्दल आहे हे कसं कळणार. बांगड्या भरलेल्या हातात घड्याळ वर कोपराकडे नाहीतर खाली हाडावर सरकतं, तिथे सेन्सर टेकतच नाही. अशा वेळी ८४, ८७ असे आकडे येतात आणि घरात रडारड सुरू होते. उलटही होतं, छातीत पाणी झालेल्या माणसाला घड्याळ ९६ दाखवतं आणि घरचे म्हणतात सकाळपर्यंत थांबू.

ॲपलने सप्टेंबर २०२० मध्ये ऑक्सिजन मोजणारं घड्याळ आणलं तेव्हा स्वतःच लिहून ठेवलं होतं की ही मोजणी वैद्यकीय वापरासाठी नाही, फिटनेस आणि वेलनेससाठी आहे. एवढी मोठी कंपनी असं लिहिते म्हणजे त्याला अर्थ आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली, त्यामुळे चिमट्याच्या खोक्यावर परवान्याचा नंबर असायला पाहिजे आणि गिऱ्हाइकाने तो बघून घेतला पाहिजे. पण घड्याळवाला म्हणाला की हे वैद्यकीय उपकरणच नाही तर त्याला त्या परवान्याच्या चाचणीतून जायला लागत नाही, आणि जाहिरातीत मात्र आजोबा आजी हसतायत, मुलगी फोनवर त्यांचा ऑक्सिजन बघतेय. ही गोष्ट मला खटकते आणि ती प्रत्येकाला खटकली पाहिजे. हजार दीड हजाराच्या बँडबद्दल तर मी काय बोलू, त्यातल्या काहींनी निर्जीव वस्तूवर ठेवलं तरी आकडा दाखवल्याचे व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिलेत.

म्हणजे घड्याळं टाकाऊ आहेत असं मी म्हणत नाहीये. शांत बसलेल्या माणसाची नाडी चांगली घड्याळं बऱ्यापैकी बरोबर सांगतात. ॲपलच्या ईसीजी काढणाऱ्या घड्याळाला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, २०१८ साली मान्यता दिली ती हृदयाचे ठोके अनियमित पडतात का, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन आहे का हे टिपण्यासाठी, आणि ते खरंच उपयोगाचं आहे कारण त्या आजारात गुठळी होऊन लकवा मारण्याचा धोका असतो आणि बऱ्याच जणांना आधी काहीच जाणवत नाही. पण तेच घड्याळ हार्ट अटॅक ओळखत नाही. हे कंपनीनेच सांगितलेलं आहे. छातीत दाबल्यासारखं होतंय, घाम फुटलाय, डावा हात भरून आलाय आणि माणूस घड्याळाकडे बघून म्हणतो की नॉर्मल दाखवतंय, ही वेळ कोणावर येऊ नये. तिथे घड्याळ काढून ठेवायचं आणि १०८ ला फोन करायचा.

एक प्रसंग सांगते. एक मावशी दुकानात धापा टाकत आल्या, हातात चिमटा, म्हणाल्या, "ताई, ह्यांचं ८६ झालंय बघा, साताऱ्याला न्यायचं का आता?" मागोमाग त्यांचे मालक स्वतःच्या पायांनी चालत दुकानाच्या पायऱ्या चढून आले, बोलतायत नीट, ओठ गुलाबी. मी त्यांच्या बोटाला चिमटा लावला आणि मावशींना म्हटलं आता तुम्ही समोरून बघा. त्या उलट्या बाजूला उभ्या होत्या. ९८ हा आकडा असल्या डबड्यावर उलटा वाचला की ८६ दिसतो. ९९ चा ६६ होतो. आणि खरी भीती वेगळीच आहे, ज्याचा ऑक्सिजन खरोखर ८६ आहे त्याचा उलट्या बाजूने ९८ दिसतो, मग घरचे निवांत. ९६ तर उलटा केला तरी ९६. शिवाय स्क्रीनवर दोन आकडे असतात, एक ऑक्सिजनचा आणि एक पल्सचा, दोन्ही नव्वदीत असले की कुठला कुठला हे तरण्याताठ्या माणसालाही पटकन कळत नाही. यावर एवढंच पाहिजे की डबड्यावर मराठीत ऑक्सिजन आणि नाडी असे दोन शब्द छापलेले असावेत, आणि वरची बाजू कुठली ते दाखवणारा बाण. याला काय खर्च येतो?

चिमटा लावताना हात गार नको. थंडीत, आंघोळ करून आल्याआल्या, किंवा बीपी खूप कमी झालं असेल तर बोटात रक्त पोचत नाही आणि आकडा खोटा येतो, हात चोळून गरम करायचे. नेलपॉलिश काढायची, बोटाच्या टोकाला गडद मेंदी असेल तर दुसरं बोट बघायचं. पाच मिनिटं बसून मग लावायचं आणि आकडा स्थिर होईपर्यंत, म्हणजे निदान मिनिटभर, थांबायचं, पहिला आलेला आकडा धरायचा नाही.

अजून एक गोष्ट जिच्याबद्दल आपल्याकडे कोणीच बोलत नाही, कातडीचा रंग. डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दवाखान्यातल्या पेशंटचे ऑक्सिमीटरचे आकडे आणि धमनीतून रक्त काढून केलेल्या तपासणीचे आकडे शेजारी ठेवून पाहिले. चिमटा ९२ ते ९६ दाखवत होता तेव्हा प्रत्यक्षात ऑक्सिजन ८८ च्या खाली असलेले गोऱ्या पेशंटमध्ये ३.६ टक्के निघाले आणि काळ्या पेशंटमध्ये ११.७ टक्के. म्हणजे तिपटीहून जास्त. आणि हे मोठ्या दवाखान्यातल्या महागड्या मशीनचं. त्यानंतर तिथल्या एफडीएने २०२१ मध्ये लोकांना सावध केलं आणि जानेवारी २०२५ मध्ये नव्या मशीनची चाचणी सगळ्या रंगांच्या माणसांवर करा असा मसुदा काढला. आपल्याकडे एका घरात तीन रंगांची माणसं असतात, उन्हातान्हात राबणारा शेतकरी असतो, तर आपल्या बाजारात येणारं मशीन कोणावर तपासलंय हे विचारायचा हक्क आपल्याला सगळ्यात जास्त आहे.

आता आकडा बरोबर आला तरी त्याचा अर्थ काय, हा पुढचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. साधारण धडधाकट माणसाचा ऑक्सिजन ९५ च्या वर असतो. पण ज्यांना सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट दम्यासारखा आजार आहे, आयुष्यभर विडी ओढलेले आजोबा किंवा चुलीच्या धुरात चाळीस वर्षं भाकरी थापलेल्या आज्या, यांच्यातल्या बऱ्याच जणांचं शरीर कमी ऑक्सिजनवर चालायला सरावलेलं असतं आणि त्यांना ऑक्सिजन लावला तर डॉक्टर ८८ ते ९२ च्या मधे ठेवायला सांगतात. कोरोनानंतर कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारी मशीन, घरोघरी आले, भाड्यानेही मिळतात. घरातलं कोणीतरी ९० बघतं, घाबरतं, आणि एक लिटरचा फ्लो चार पाचवर नेतं कारण आकडा ९८ झाला की बरं वाटतं. पण अशा पेशंटला जास्त ऑक्सिजन दिला की अंगात कार्बन डायऑक्साइड साठायला लागतो, माणूस गुंगतो, हाक मारली तर ओ देत नाही, आणि घरच्यांना वाटतं किती दिवसांनी शांत झोप लागली. मशीनवर आकडा ९८. तेव्हा फ्लोचा काटा डॉक्टरांनी जिथे लावलाय तिथेच ठेवा हो, हे मी हात जोडून सांगते.

दुसरं गॅस गीझरचं. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर चालू ठेवून माणसं दगावल्याच्या बातम्या तुमच्याच पेपरात थंडीत येतात. तिथे विष असतं ते कार्बन मोनॉक्साइड, ते रक्ताला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतं, आणि बोटाचा चिमटा काय किंवा घड्याळ काय, त्याला हे चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजनचं रक्त यातला फरक ओळखता येत नाही. माणूस बेशुद्धीच्या वाटेवर आणि मशीनवर ९९. बाथरूममधून डोकं गरगरत, मळमळत बाहेर आलेल्या माणसाला ऑक्सिमीटर लावून बघत बसू नका, दारं खिडक्या उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि दवाखाना गाठा.

आणि रक्त कमी असण्याचं. मशीन सांगतं की जेवढं हिमोग्लोबिन आहे त्यातलं किती टक्के भरलेलं आहे, हिमोग्लोबिनच मुळात किती आहे ते नाही सांगत. आपल्या राज्यात सरकारी पाहणीतच अर्ध्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालंय. अशी बाई जिना चढली की दम लागतो, धडधडतं, आणि मुलगा म्हणतो आई ऑक्सिजन तर ९९ आहे तुला काही झालेलं नाही. तिला सीबीसी ही रक्ताची तपासणी करायला न्या, दोनशे-तीनशे रुपयांचं काम आहे, सरकारी दवाखान्यात तर त्याहून स्वस्तात होतं.

पल्सचंही तसंच. बसलेल्या माणसाची ६० ते १०० साधारण ठीक. पण बीपीच्या काही गोळ्या नाडी मुद्दामच कमी ठेवतात, घड्याळ ५४ दाखवून थरथरायला लागलं म्हणून परस्पर गोळी बंद केलेले पेशंट मी पाहिलेत. अशी गोळी एकदम बंद करणं धोक्याचं असतं. आधी डॉक्टरांना विचारा, फोनवर विचारा, पण विचारा.

आणखी एक नवीन प्रकार म्हणजे सुई न टोचता साखर मोजणारी घड्याळं आणि अंगठ्या. यांच्या जाहिराती फोनवर सारख्या येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने स्पष्ट सांगितलं की असं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही आणि त्यावर विसंबून राहू नका. दंडावर चिकटवायचा सेन्सर वेगळा, त्याची बारीक तार कातडीखाली जाते. पण नुसतं मनगटावर बांधून साखर सांगतो म्हणणारा आकडा बघून कोणी इन्सुलिनचे युनिट ठरवले तर जीवावर बेतेल. ऑनलाइन विकणाऱ्यांना हे थांबवायला कोण सांगणार, ती जबाबदारी आपल्या अन्न व औषध प्रशासनाने घेतली पाहिजे असं मला वाटतं. आमच्यासारख्या मेडिकलवाल्यांची तपासणी होते आणि ती व्हायलाच पाहिजे, पण तेवढीच कडक नजर या ऑनलाइन मालावरही हवी.

माझी सरकारकडे मागणी फार मोठी नाही. घड्याळ असो नाहीतर चिमटा, ऑक्सिजनचा आकडा दाखवत असेल तर खोक्याच्या समोरच्या बाजूला मराठीत लिहा की आजारपणात यावरून निर्णय घेता येतो का नाही, आणि हे वाक्य जाहिरातीच्या वाक्याएवढ्याच अक्षरात असावं. आत मराठी चित्रांची एक पानाची चिठ्ठी. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ज्याला आपलं मशीन तिथल्या मशीनशी ताडून बघायचंय त्याला ते करू द्यावं, दोन मिनिटांचं काम आहे. २०२० मध्ये आशाताईंनी दारोदार जाऊन ऑक्सिजन मोजला, त्यांच्याएवढं हे शिकवू शकणारं दुसरं कोणी नाही, फक्त त्या कामाचा त्यांना वेगळा मोबदला द्यावा, फुकट राबवू नये.

बाहेरगावी असलेल्या मुलांना पण सांगायचंय. आईवडलांना घड्याळ द्या, जरूर द्या, पण सोबत एक परवानाधारक चिमटाही द्या, आणि पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाल तेव्हा दोन्ही लावून डॉक्टरांच्या मशीनशी ताडून बघा. तब्येत चांगली असताना त्यांचा नेहमीचा आकडा किती असतो तो कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण नंतर फरक कळायला तोच उपयोगी पडतो. आणि फोनवर ॲपमध्ये त्यांचा ऑक्सिजन बघण्याआधी त्यांना फोन करून दम लागतोय का, जेवलात का, रात्री उशी उंच लागते का हे विचारा, त्याने जास्त कळतं.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडे एक विनंती. आरोग्य पुरवणीत एकदा चौकट छापा. बोटाचा चिमटा, हात गरम, बसून, मिनिटभर. सीओपीडी नसलेल्या माणसाला तासाभरात तीनदा ९३ किंवा त्याहून कमी आला तर दवाखाना, हे कोरोनाच्या वेळी केंद्राच्या घरी विलगीकरणाच्या नियमांतच होतं. सीओपीडीवाल्यांनी आपला आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्यायचा. आणि आकडा कितीही चांगला असला तरी ओठ निळे पडले, बोलताना वाक्य तुटायला लागलं, छातीत दाबलं, माणूस बरळायला किंवा गुंगायला लागला, तर मशीनकडे न बघता १०८. मोठ्या टाइपात छापा, म्हणजे चष्मा नसलेल्यालाही वाचता येईल. ते कात्रण मी आमच्या दुकानाच्या काचेवर लावेन आणि तालुक्यातल्या बाकीच्या मेडिकलवाल्यांनाही प्रती नेऊन देईन.

आपली वाचक,
एक फार्मासिस्ट, सातारा जिल्हा